वाडा पाडायच्या आधी पेठेला विचारा

साताऱ्याच्या शनिवार पेठेत ज्या वाड्यात आम्ही २३ वर्षं भाड्यानं राहिलो तो पाडायला घेतलाय हे मला कळलं मोबाईलवर आलेल्या एका फोटोवरून. जुन्या शेजाऱ्यांच्या मुलानं सकाळी सकाळी पाठवलेला, दिंडी दरवाजाची नुसती चौकट उभी, तिच्यातून आत जेसीबी दिसतोय आणि त्याच्या मागं अजिंक्यतारा. त्या दारातून अजिंक्यतारा कधीच दिसायचा नाही, मधे दोन मजली सोपा होता, म्हणजे चौकाकडं उघडा असलेला खांबांचा भाग.

दुपारी अर्धी रजा टाकून गेलो. तोवर जुन्या लाकडाचा व्यापारी माणसं घेऊन आला होता आणि सागवानी खांबांवर खडूनं नंबर घालणं चालू होतं, खांब एका बाजूला, तुळया एका बाजूला, कडीपाटाच्या फळ्या तिसरीकडं, सगळं घनफुटावर मोजून टेम्पोत. मागच्या चौकात आड होता. मे महिन्यात नळाला पाणी आलं नाही की सगळा बोळ आमच्या आडावर यायचा, भाडेकरू-मालक, शेजारपाजार, कोण कुणाचं काही बघायचं नाही. जेसीबीनं भिंतीचे भेंडे, म्हणजे मातीच्या कच्च्या विटा, आणि माती ढकलत ढकलत तो आड माझ्यासमोर अर्ध्या तासात बुजवला. मी ड्रायव्हरला म्हटलं अरे पाणी आहे त्यात, तर तो म्हणाला, दादा मला नकाशात जेवढं दाखवलंय तेवढं मी सपाट करतो. त्याचं काहीच चुकलं नाही. नकाशात आड नव्हताच.

त्याला आता काही वर्षं झाली, तिथं चार मजली कमर्शियल बिल्डिंग उभी आहे, खाली गाळे, वर ऑफिसं. मी हे लिहितोय कारण त्याच बोळात आता दुसऱ्या वाड्याची बोलणी चालू आहेत आणि पुन्हा तेच होणार असं दिसतंय. आणि दर वेळी आपल्याकडं बोलणं एकाच ठिकाणी येऊन अडकतं, एक पार्टी म्हणते वारसा वाचवा, दुसरी म्हणते तुम्ही राहून बघा त्या गळक्या वाड्यात मग बोला, आणि दोघांचं भांडण व्हायच्या आत वाडा गेलेला असतो.

आधी मालकांचं सांगतो, कारण भाडेकरूच्या पोरानं वाडा वाचवा म्हणणं फार सोपं आहे. आम्ही महिन्याला ३५ रुपये भाडं देत होतो. भाडे नियंत्रण कायदा १९९९ प्रमाणं मालकाला वर्षाला ४ टक्के भाडं वाढवता येतं, म्हणजे आमच्या बाबतीत १ रुपया ४० पैसे. त्या पैशात कौलं चाळून मिळत नाहीत, एका गड्याचा चहा होत नाही. वाड्यात आम्ही धरून पाच भाडेकरू, मालकांच्या सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर सतरा नावं, त्यातली निम्मी पुण्या-मुंबईला, एक बहीण परदेशात, आणि साताऱ्यात राहून दर पावसाळ्यात प्लास्टिकचा कागद टाकायला छपरावर चढणारे एकटे नाना. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी कागद टाकायला कुणी चढलं नाही. मी ही गोष्ट कधी विसरणार नाही, की आम्ही पाच बिऱ्हाडं खाली राहत होतो आणि वर चढलं कुणी नाही.

वाडा पडतो तो असा पडतो. एक कौल सरकतं, पाणी भिंतीच्या माथ्यावर येतं, आत पांढरी माती असते ती फुगते, तुळईचं भिंतीत गेलेलं टोक ओलं राहतं आणि कुजतं. पहिल्या वर्षी एका गवंड्याचं दोन दिवसांचं काम असतं, पाचव्या वर्षी कोपरा खाली येतो, मग शेजारचे तक्रार करतात आणि नगरपालिकेची नोटीस येते. नगरपरिषद अधिनियम १९६५ चं कलम १९५, धोकादायक इमारतीचं. त्या कलमात दुरुस्त करून घ्या हाही मार्ग आहे, नुसतं पाडा असं नाहीये. पण नोटीस हातात आलेल्या सत्तरीच्या माणसाला दुरुस्ती कशी करायची, कुणाकडून, पैसा कुठला, परवानगी लागते का नाही, हे सांगायला कुणी येत नाही आणि पाडायचं कसं हे सांगायला मात्र त्याच आठवड्यात तीन जण येतात. चेक घेऊन येतात. नानांनी सही केली तेव्हा मला त्यांचा राग आला नव्हता आणि आजही नाही.

माझं भांडण वेगळ्या ठिकाणी आहे. वाडा पाडून ऑफिस बांधायचं हे ठरताना पेठेला विचारण्याची एकही पायरी आपल्या कायद्यात नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ बघा. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की कलम २६ खाली ३० दिवसांत हरकती-सूचना देता येतात, आराखड्यात फेरफार करायचा असेल तर कलम ३७ खाली पुन्हा नोटीस निघते. पण तो आराखडा वीस-वीस वर्षांचा असतो. त्याच्या आत एखाद्या प्लॉटवर काय पाडायचं आणि काय बांधायचं ही फाईल मालक, आर्किटेक्ट आणि नगरपालिका एवढ्या तिघांतच फिरते. शेजाऱ्याला कळतं ते पत्रे ठोकल्यावर. लोक म्हणतात विकासावरून वाद होतात, मी म्हणतो वाद होतच नाही, कारण वाद घालायला कुठं जागाच ठेवलेली नाही, फक्त नंतर हळहळायला ठेवलीय.

हे बाहेर कुठं होतं का तर होतं. आयर्लंडचं डब्लिन घ्या. तिथं फिट्झविल्यम स्ट्रीटवर अठराव्या शतकातल्या विटांच्या घरांची सरळ लांबच लांब ओळ होती, जवळजवळ किलोमीटरभर. १९६०च्या दशकात तिथल्या सरकारी वीज कंपनीनं आपलं हेड ऑफिस बांधायला त्या ओळीतली सलग १६ घरं पाडली. लोकांनी खूप विरोध केला, पण घरं गेली. ऑफिस उभं राहिलं १९७०च्या आसपास. आणि मग गेल्या दहा-एक वर्षांत त्याच कंपनीनं ते ऑफिस स्वतःच पाडलं, जुनं झालं, वीज फार खातं म्हणून, आणि तिथं तिसरं काहीतरी बांधलं. म्हणजे ज्या इमारतीसाठी पावणेदोनशे वर्षं टिकलेली घरं घालवली ती स्वतः जेमतेम पन्नास वर्षं टिकली. मला हे वाचल्यावर आमच्या बोळातली ती चार मजली बिल्डिंगच डोळ्यासमोर आली, चौथ्याच पावसाळ्यात तिच्या जिन्याच्या भिंतीला ओल आलीय.

पण डब्लिनवाल्यांनी एक गोष्ट कमावली. आज तिथं असं काही बांधायचं असेल तर अर्जदाराला पेपरात जाहिरात द्यावी लागते आणि त्या जागेवर, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल असा कागद लावावा लागतो, इथं काय पाडणार, काय बांधणार. मग पाच आठवडे कुणीही, अगदी कुणीही, २० युरो भरून आपलं म्हणणं लेखी देऊ शकतो आणि ते वाचणं महापालिकेवर बंधनकारक असतं. निर्णय पटला नाही तर वर अपील. दर वेळी घर वाचतंच असं नाही, कित्येक वेळा ऑफिसच होतं. पण आड नकाशात नाही हे सांगायला निदान पाच आठवडे मिळतात.

आता ऑफिस नकोच का तर असं मी अजिबात म्हणत नाही. सातारा जिल्ह्याचं गाव आहे, वकील आहेत, सीए आहेत, विमा एजंट आहेत, दवाखाने आहेत, पोरांनी टाकलेली छोटी सॉफ्टवेअरची ऑफिसं आहेत, त्यांना जागा लागणारच. माझं म्हणणं एवढंच आहे की ऑफिसासाठी वाडा पाडावाच लागतो हे कुणी ठरवलं? आपल्या गावात तर उलटी रीत आहे. राजवाड्यात कोर्ट भरत होतं, कितीतरी वर्षं. छत्रपतींच्या जुन्या वाड्यात सरकारी शाळा भरली आणि ७ नोव्हेंबर १९०० ला त्याच शाळेच्या रजिस्टरमध्ये १९१४ नंबरला भिवा रामजी आंबेडकर हे नाव लागलं. आज तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. कोर्ट काय आणि शाळा काय, रोज शेकडो माणसं येणार, कागदपत्रं ठेवायची, खोल्या पाडायच्या, हे सगळं त्या लाकडी खांबांच्या आत जमलं. मग एका सीएचं ऑफिस, दोन वकील आणि एक डोळ्यांचा डॉक्टर सोप्यात आणि माडीवर का बसणार नाहीत? वायरिंग नवीन करा, संडास आत घ्या, जिना रुंद करा, छपराखाली चांगला थर घाला. वाडा हा मुळातच अर्धा ऑफिस असतो, ओटीवर दिवाणजी बसायचा, हिशेब व्हायचे, लोक येऊन बसायचे, घर त्याच्या मागं सुरू व्हायचं.

वाड्यांबद्दल अजून एक आक्षेप आहे आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. काही मित्र म्हणतात, वाडे म्हणजे कुणाचे वाडे, सरदारांचे, सावकारांचे, तिथं आमच्या आज्या-पणज्या मागच्या दारानं यायच्या, त्या भिंती पडल्या तर आम्ही का रडायचं. हे म्हणणं खरं आहे आणि त्याला गप्प करून वारसा वाचवता येणार नाही. पण म्हणूनच मला त्या शाळेच्या वर्गाची गोष्ट मोठी वाटते. त्या वर्गात त्या मुलाला वेगळं बसवायचे, घरून आणलेल्या गोणपाटावर, हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. तो वर्ग पाडून तिथं ऑफिस केलं असतं तर अपमान पुसला गेला नसता, पुरावा गेला असता. मागचं दार होतं हे दाखवायला मागचं दार उभं लागतं. आमच्या वाड्यालाही मागचं दार होतं, बोळात उघडणारं, बुटकं, आणि त्याचा उंबरा पुढच्या उंबऱ्यापेक्षा जास्त झिजलेला होता. हे कुणी कुठंही नोंदवलं नाही आणि तो दगड कुठं गेला मला माहीत नाही.

आता रस्त्याचं. ज्यांनी मंगळवार तळ्याकडून किंवा कमानी हौदापासून आतल्या बोळांत गाडी घातलीय त्यांना मी काय सांगणार. बोळ असा की समोरून रिक्षा आली तर एकानं मागं जायचं. वाड्यात बिऱ्हाडं होती तेव्हा तिथं चार स्कूटर आणि सात सायकली असायच्या. आता चार मजल्यांवर ऑफिसं म्हटल्यावर रोज सकाळी साडेदहाला साठ-सत्तर टू-व्हीलर येतात, पार्किंग कागदावर आहे पण खाली गाळा झालाय, मग गाड्या लागतात शेजाऱ्यांच्या ओट्याला टेकून, आणि ओट्यावरच्या आजींचं दार दुपारपर्यंत उघडत नाही. पाणी तेच, गटार तेच, बोळ तोच. आणि संध्याकाळी सातनंतर सगळं बंद, दिवे बंद, शटर बंद, ज्या बोळात रात्री अकरापर्यंत माणसं ओट्यावर बसायची तिथनं आता मुली एकट्या येत नाहीत. ऑफिसाची जास्तीची गरज असेल तर पोवई नाक्याच्या पुढं, बॉम्बे रेस्टॉरंट चौकाकडं, वाढे फाट्याकडं रुंद रस्ते आहेत, तिथं चार सोडून आठ मजले बांधा, कुणाचा आड बुजणार नाही.

धोकादायक या शब्दाबद्दलही बोललं पाहिजे. ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा नाना सांगायचे आमचा वाडा गलबत हलल्यासारखा हलला, भेंड्याच्या भिंतीला आरपार चिरा गेल्या, पण सांगाडा जागचा हलला नाही, कारण वजन खांबांवर आणि तुळयांवर होतं, भिंत नुसती मधे भरलेली. लाकूड वाकतं, सांधे थोडे सरकतात आणि परत बसतात. सगळेच वाडे असे टिकले असं मी म्हणत नाही, कुजलेलं लाकूड असेल तर तोच वाडा जीव घेईल. म्हणूनच तपासून ठरवा म्हणतो. लाकडी बांधकाम कळणाऱ्या इंजिनियरनं प्रत्येक खांबाचा पाया आणि प्रत्येक तुळईचं टोक बघून लिहावं की हे बदला, हे राहू द्या. आत्ता होतं काय की सिमेंटच्या इमारतींचा अनुभव असलेला माणूस येतो, खाली उभा राहून वर बघतो आणि लिहितो धोकादायक. आमच्या वाड्यातून निघालेले खांब त्या व्यापाऱ्यानं नखानं टोकरून आणि कानशीनं वाजवून घेतले आणि बहुतेक सगळे खणखणीत निघाले, म्हणून तर चांगल्या भावात गेले. इमारत धोकादायक होती आणि तिचं लाकूड पुढची शंभर वर्षं टिकेल असं विकलं गेलं, ह्या दोन गोष्टी मला एकत्र पटत नाहीत.

पैशाचं उत्तर दिल्याशिवाय यातलं काहीच होणार नाही हे मला मान्य आहे. २०२० च्या डिसेंबरपासून मुंबई आणि काही भाग सोडून राज्याला जी एकात्मिक बांधकाम नियमावली लागू झाली तिच्यात हेरिटेज इमारतींची तरतूद आहे, श्रेणी आहेत, आणि वारसा जपणाऱ्या मालकाला टीडीआर देण्याचीही सोय आहे, म्हणजे जे बांधकाम त्याला वाड्याच्या जागी करता येत नाही त्याचा हक्क त्यानं दुसरीकडं बांधणाऱ्याला विकायचा. अहमदाबादच्या जुन्या पोळांमध्ये, म्हणजे तिथल्या गल्लीबोळांच्या जुन्या वस्त्यांमध्ये, हा मार्ग वापरलाय, ते शहर २०१७ ला जागतिक वारसा यादीत गेलं. पण त्यासाठी आधी वाडा यादीत यावा लागतो आणि यादी करायला बसलं की माणसाला राजवाडा आठवतो, देवळं आठवतात, तळी आठवतात. पेठेतला दुमजली वाडा ज्यात कुणी सरदार राहिला नाही, जिथं शिंपी, मास्तर आणि पोस्टातला कारकून राहिले, तो आठवत नाही. आणि समजा आला, तरी साताऱ्याएवढ्या गावात टीडीआर विकत घेणारे असतात किती? म्हणून नुसत्या टीडीआरवर सोडून चालणार नाही. मालकाला घरपट्टीत माफी द्या, नोटिशीबरोबर दुरुस्तीचा अंदाज आणि बिनव्याजी कर्ज द्या, आणि भाडेकरूंनी, हो आम्ही भाडेकरूंनी, दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलला पाहिजे. ३५ रुपयांत सागवानी छप्पर मागणं हा आमचा अन्याय होता.

काही ठिकाणी मधला मार्ग म्हणून पुढची भिंत ठेवतात नाहीतर नवीन बिल्डिंगला पुढून महिरपी चिकटवतात आणि नावात वाडा घालतात. डब्लिनमध्येही ह्यूम स्ट्रीटवर हेच झालं, १९६९-७० च्या हिवाळ्यात विद्यार्थी तिथल्या पाडायला निघालेल्या जुन्या घरांत जाऊन बसले, महिनोन् महिने हलले नाहीत, शेवटी तडजोड झाली ती अशी की मागं ऑफिस आणि पुढं जुन्यासारखा दिसणारा चेहरा. मला ते नको. वाडा म्हणजे चौक. चौकातलं ऊन, चौकातला पाऊस, चौकाभोवती राहणाऱ्या माणसांना एकमेकांचं सगळं कळणं. चौक गेला आणि दर्शनी भिंत राहिली तर त्यापेक्षा सरळ नवीन चांगली इमारत बांधा आणि जुन्याचे नीट फोटो, मापं, नकाशे करून नगरवाचनालयात ठेवा.

तर मी मागतोय ते फार नाही. जुन्या पेठांमध्ये पन्नास वर्षांपेक्षा जुनं कुठलंही बांधकाम पाडायचा अर्ज आला की त्याच्या दारावर मराठीत मोठ्या अक्षरात बोर्ड लावा, इथं काय आहे, काय होणार, आणि ३० दिवस हरकती घ्या. त्या ३० दिवसांत मोजणी करा, आड, तळघर, मागचं दार सगळं कागदावर येऊ द्या. मालकाला दुरुस्तीचा पर्याय लेखी द्या, आकड्यासकट. सुनावणीला मालकही बसेल, भाडेकरूही, शेजारच्या ओट्यावरच्या आजीही, बिल्डरही. एवढं करून पाडायचं ठरलं तर पाडा, मी पुढं येऊन विरोध करणार नाही. मला मित्र म्हणतात यानं कामं रखडतील, लोक पैसे उकळायला हरकती घेतील. घेतील काही जण. पण दीडशे वर्षांच्या घराला ३० दिवस जास्त होतात असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही, आणि नेहमी खोट्या हरकती घेणारे कोण हे पेठेत सगळ्यांना माहीत असतं, अधिकाऱ्यांनाही.

आमच्या जुन्या वाड्यापासून चौथं घर, त्याची आता बोलणी चाललीत. मालकांचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे, त्याला मी फोन केला, त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला काका, मला वाडा ठेवायचाय पण एकट्यानं कसा ठेवू ते सांगा. रविवारी आम्ही चौघं टेप घेऊन गेलो, एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, एक इंजिनियरिंगची पोरगी, मी आणि तो. सकाळी आठ ते दुपारी दोन. पुढचा सोपा पाच खणांचा निघाला, माडीवर तीन ठिकाणी पाणी मुरलंय, दोन तुळयांची टोकं गेलीत, बाकी लाकूड चांगलं आहे. तळमजल्याला दोन ऑफिसं आणि माडीवर एक बसतील असं त्या पोरीनं तिथल्या तिथं कागदावर काढून दाखवलं. सोमवारी मुख्याधिकाऱ्यांना अर्ज देणार आहोत, परवानगीच्या आधी सुनावणी घ्या म्हणून, नियमात नाही म्हणतील हे माहीत आहे तरी देणार आहोत आणि पोच घेणार आहोत. सोबत नकाशा जोडलाय. मागच्या चौकातला आड त्यात मास्तरांनी सगळ्यात आधी काढला, व्यास सव्वापाच फूट, पाणी आहे.